हॉटेलातून पडद्यावर, पडद्यावरून पुन्हा हॉटेलात

(नल्लकुंटा, हैदराबाद येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



स्मृतिव्याख्यान म्हटलं की संतसाहित्य, मुक्तिसंग्राम, भाषेचं भवितव्य अशा विषयांची अपेक्षा असते. यंदाचा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांनी 'हे नक्की काय प्रकरण आहे?' असं विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी उत्तर देतो. चित्रपटाचं किंवा व्हिडिओ गेमचं गाजलेलं संगीत घ्यायचं आणि 1950-60 च्या दशकांत मोठ्या हॉटेलांच्या दिवाणखान्यांत जसं वाजत असे, तशा ढंगात ते नव्यानं बसवायचं. पियानो, व्हायब्राफोन, डबल बेस, सॅक्सोफोन, आणि काठ्यांऐवजी ब्रशनं हलकेच घासलेले ड्रम. याला 'रेट्रो लाउंज' म्हणतात. जगभरचे तरुण वादक सध्या या नादात आहेत.

याचा नल्लकुंट्याशी काय संबंध? लग्नसराईत इथून बरकतपुऱ्याच्या बाजूला निघा आणि एखाद्या फंक्शन हॉलमध्ये डोकावा. स्टेजवर नवरा-नवरी, फोटोसाठी रांग, आणि कोपऱ्यात एक कीबोर्डवाला व एक सॅक्सोफोनवाला. ते तेलुगू नाहीतर हिंदी चित्रपटातली धून वाजवत असतात, मूळच्या निम्म्या गतीनं, शब्दांशिवाय. लक्ष देऊन कुणी ऐकत नाही. पण हातात ताट घेऊन उभा असलेला माणूस नकळत ती चाल गुणगुणत असतो. न ऐकताही ओळखू येणारं संगीत, हा आजचा विषय. आपली नातवंडं ज्याला 'बीजीएम' म्हणतात आणि ज्याच्या रिंगटोन लावतात, ते पार्श्वसंगीत याच घराण्यातलं.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. पाश्चात्त्य वादक रॉकची किंवा गेमची धून लाउंजमध्ये बसवतो तेव्हा तो तिला दुसऱ्याचे कपडे चढवत असतो. आपल्याकडे तसं नाही. आपल्या चित्रपटसंगीताचं लाउंज हे आजोळ आहे. ज्या हातांनी हॉटेलांत रात्री वाजवलं, त्याच हातांनी दिवसा स्टुडिओत आपली गाणी घडवली. म्हणून आपल्याकडे हा खेळ नुसता फॅशनचा राहत नाही. त्यात इतिहास उघडतो, आणि त्या इतिहासातली काही नावं आपण लिहून ठेवली नाहीत हेही उघडं पडतं.

हॉटेलातली रात्र, स्टुडिओतला दिवस

मूळ लाउंजची कथा थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाँगप्ले रेकॉर्ड आली, 1958 च्या सुमारास स्टिरिओ आला, आणि घरी बसून दूरदेशीच्या वातावरणाची मजा घेण्याची हौस वाढली. मार्टिन डेनी हा होनोलुलूच्या एका हॉटेलच्या बारमध्ये वाजवत असे. जवळच्या तळ्यातले बेडूक ओरडत, त्यावर त्याचे वादक तोंडानं पक्ष्यांचे आवाज काढत, आणि श्रोत्यांना तेच आवडू लागलं. 1957 च्या त्याच्या 'एक्झॉटिका' या रेकॉर्डवरून त्या साऱ्या संगीतप्रकारालाच नाव पडलं. मेक्सिकोचा एस्किव्हेल स्टिरिओच्या दोन कानांत वाद्यं इकडून तिकडे पळवू लागला. ब्राझीलमधून बोसानोव्हा हा संगीतप्रकार आला. पुढे रॉकच्या लाटेत हे सगळं 'लिफ्टमधलं संगीत' म्हणून हिणवलं गेलं. 1990 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी जुनी टेप बाहेर काढली, आणि ज्यांच्या आईवडिलांनी ते संगीत टाकून दिलं होतं, त्या मुलांनी ते डोक्यावर घेतलं.

आता मुंबईकडे या. 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा जॅझ बँड आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांनी लहानपणीच सोल्फा आणि स्टाफ नोटेशन गिरवलेलं असे. कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ हा त्यांतला एक. मुंबईनं त्याला 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखलं आणि कौतुकानं भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं.

1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि हॉटेलांतल्या रात्रींचा नूर गेला. दारू नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड कशाला? त्याच काळात चित्रपटांतला वाद्यवृंद फुगत होता. वादक स्टुडिओंकडे वळले. हॉटेलात जे चार पैसे मिळत, त्यांची भरपाई रेकॉर्डिंगनं होऊ लागली.

इथे आपला माणूस येतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. तालीम शास्त्रोक्त, पण कान उघडे. त्यांनी चिक चॉकलेटला जवळ केलं. 1951 च्या 'अलबेला'त ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि बोंगोंचा जो खेळ आहे तो हॉटेलच्या डान्सफ्लोअरवरून आलेला आहे, आणि चिक व त्याचे वादक त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. रामचंद्रांनी चाल द्यायची, गोवेकरांनी ती सजवायची. चालीत मराठी भावगीताचा हळवेपणा, सजावटीत हॉटेलचा झगमगाट. हे लग्न इतकं जमलं की आज 'अलबेला'ची गाणी ऐकताना सांधा कुठे आहे तेच कळत नाही.

हैदराबादचा शंकर

आता आपल्या शहराकडे. शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीतले शंकरसिंह रघुवंशी हे हैदराबादेत वाढले. तबला शिकले, आखाड्यात घुमले, मग पृथ्वी थिएटरमार्गे राज कपूरकडे पोचले. 1949 च्या 'बरसात'नंतर त्यांना मागे वळून पाहावं लागलं नाही. 1955 च्या 'श्री 420' मधल्या 'रमैया वस्तावैया'तलं तेलुगू मुंबईकरांना समजावून सांगावं लागतं. नल्लकुंट्यात त्याची गरज नाही. शंकर हैदराबाद सोडून गेले, पण या शहराची भाषा त्यांच्या कानातून गेली नाही.

शंकर-जयकिशन यांचे ॲरेंजर सेबॅस्टियन डिसूझा. तेही गोव्याचे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीनंतर मुंबईत आले आणि दोन दशकांहून अधिक काळ या जोडीचं संगीत कागदावर उतरवत राहिले. संगीतकार चाल गुणगुणणार, डिसूझा त्याखाली व्हायोलिनची ओळ लिहिणार. मुख्य चालीला समांतर जाणारी, तिला न अडवणारी अशी ही दुसरी ओळ. मुंबईचे वादक तिला 'ऑब्लिगाटो' म्हणत. शंकर-जयकिशनच्या कुठल्याही गाण्यात गायकाचा आवाज क्षणभर मनातून वजा करा. मागे जे उरतं, ते एक पूर्ण गाणं असतं.

1968 मध्ये या जोडीनं एचएमव्हीसाठी 'रागा-जॅझ स्टाइल' ही लाँगप्ले काढली. तोडीपासून भैरवीपर्यंत 11 राग, जॅझच्या बाजात. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, डबल बेसवर एडी ट्रॅव्हास, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. चित्रपट नाही, नट नाही, गायक नाही. स्टुडिओतल्या माणसांनी हॉटेलातला बाज पुन्हा धरला, आणि तो धरताना बरोबर राग घेऊन गेले. जगात जे 'रेट्रो लाउंज' म्हणून आज चालतं, त्याचा आपल्याकडचा पहिल्या दर्जाचा नमुना मला विचाराल तर हा.

आणि हा एकटा नव्हता. पुण्याचे एनॉक डॅनिअल्स पियानो अकॉर्डियनवर, व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली इलेक्ट्रिक गिटारवर, मिलन गुप्ता माउथ ऑर्गनवर चित्रपटगीतं वाजवत. त्या रेकॉर्डी घरोघर होत्या. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीवर दोन कार्यक्रमांमधली जागा या धुनांनी भरली जाई. बातम्यांना दोन मिनिटं अवकाश असला की अकॉर्डियनवर एखादी चाल लागायची, आणि ती पुरी होण्याआधी तुटायची. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या कानात अशा अर्धवट राहिलेल्या धुना आहेत. 1982 मध्ये चरणजित सिंग या स्टुडिओवादकानं सिंथेसायझर आणि ताल-यंत्रावर 10 राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा ती खपली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा तिथल्या नृत्यसंगीताच्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली.

भैरवी आणि बोसानोव्हा

बसवायचं म्हणजे नक्की काय करायचं? नुसती गती कमी केली आणि मागे ब्रश घासला की लाउंज होत नाही. एक उदाहरण पेटीवरच दाखवतो.

(इथे वक्त्यांनी पेटीवर वाजवून दाखवले.)

षड्ज पांढरी एक धरू. भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. आता कोमल रिषभावर कॉर्ड धरा: काळी एक, पांढरी चार, काळी चार. म्हणजे रे, म, ध. कानाला ती प्रसन्न, मेजर कॉर्ड लागते. आता षड्जाच्या कॉर्डवर उतरा: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच. म्हणजे सा, ग, प. काय झालं? रे चा सा झाला, म चा ग झाला, ध चा प झाला. तिन्ही सूर भैरवीचीच एकेक पायरी उतरले. रागाबाहेरचा एक सूर लागला नाही, आणि तरी पाश्चात्त्य कानाला हवी तशी हार्मनी मिळाली.

आता बोसानोव्हाकडे पाहा. आंतोनियो कार्लोस जोबिमचं 'गर्ल फ्रॉम इपनेमा' 1964 पासून जगभरच्या हॉटेलांत वाजतं आहे. त्याच्या पहिल्या ओळीत घरी परततानाची शेवटची कॉर्ड षड्जाच्या अर्धा सूर वर बसलेली आहे. तिथून ती खाली सरकते आणि घर येतं. कॉर्ड तंतोतंत तीच नाही, आणि त्यांचं घर मेजर आहे, आपलं मायनर. पण उतरण्याची जागा तीच: कोमल रिषभावरून षड्ज. रिओच्या किनाऱ्यावरचा माणूस आणि आपला भैरवी गाणारा बुवा एकाच दारातून घरात शिरतात. भैरवीतली चाल बोसानोव्हात बसवली की ती आगंतुक का वाटत नाही, याचं हे साधं कारण. आणि शंकर-जयकिशनचा भैरवीवर किती जीव होता ते इथे बसलेल्या जाणकारांना सांगायला नको.

प्रत्येक राग इतका सोपा नसतो. मालकंस घ्या. त्यात रे आणि प वर्ज्य. हॉटेलचा पियानोवाला सवयीनं षड्जाची साधी कॉर्ड लावेल, आणि तिच्यातला पंचम मालकंसाचा घात करील. मग काय करायचं? मध्यमावर कॉर्ड बांधायची: म, कोमल ध, सा. तिन्ही सूर रागातले. रंग गडद होतो, पण राग शाबूत राहतो. चांगला ॲरेंजर आणि नुसता कॉर्ड दाबणारा यांतला फरक असल्या ठिकाणी कळतो.

तालाचंही तेच. केरव्याच्या आठ मात्रा बोसानोव्हाच्या चौकटीत सुखानं मावतात. दादऱ्याचा जॅझ वॉल्ट्झ होतो. पण ढोलकीची लावणी ब्रशनं वाजवून पाहा. ढोलकीची थाप हेच तिथे अर्ध गाणं असतं. ती काढली की चाल उघडी पडते आणि बिचारी दिसते. 'सैराट' घ्या. 2016 च्या या चित्रपटाचा वाद्यवृंद अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. भारतीय चित्रपटासाठी ते नवलच होतं. त्यातलं 'याड लागलं' पियानो, बेस आणि ब्रश एवढ्यावर बसवा. व्हायोलिनांचा सागर गेला तरी चाल उभी राहते, कारण ती चालच तेवढी घट्ट आहे. 'झिंगाट' मात्र बसवू नका. त्याचा प्राण वेगात आणि ठोक्यात आहे. संथ केलंत तर लोक हसतील, आणि हसवणं हाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी.

हा हेतूचा भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकेत रिचर्ड चीज नावाचा गायक कर्कश रॉक आणि रॅप गाणी कोट-टाय घालून गोड गळ्यानं गातो. ती थट्टा आहे, आणि झकास आहे. फ्रान्सच्या 'नूव्हेल व्हाग' या संचानं 2004 मध्ये पंकच्या जमान्यातली गाणी बोसानोव्हात बसवली. तीही विसंगतीच, पण तिच्यातून मूळ गाण्यांतलं दुःख वर आलं. पहिल्यात आपण गाण्याला हसतो, दुसऱ्यात गाणं पुन्हा ऐकतो. नव्यानं बसवणाऱ्यानं आपण कुठे उभे आहोत हे आधी ठरवावं. आज संगणकाला सांगितलं की तो दोन मिनिटांत कुठल्याही धुनेचं 'लाउंज व्हर्जन' काढून देतो. ते ऐकायला बरं असतं. पण मालकंसातला पंचम टाळायचा की नाही, 'झिंगाट'ला हात लावायचा की नाही, हा निर्णय घेणारा कुणीतरी असावा लागतो. तो नसला की सगळ्या धुना एकाच गुळगुळीत साच्यातून निघतात.

गेमची धून

समोर बसलेली तरुण मंडळी आता म्हणतील, आजोबांचं सगळं झालं, आमचं काय? तुमच्याकडे वळतो.

निन्टेंडोचं फॅमिकॉम हे यंत्र 1983 चं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या ज्या स्वस्त गेम आल्या, त्या बहुतेक त्याच्याच नकला. त्या यंत्रात आवाजाचे पाच मार्ग होते. दोन चालीसाठी, एक खर्जासाठी, एक नुसती खरखर काढणारा, आणि पाचवा छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर केलं. जरा विचार करा: वर चाल, तिला साथ देणारा दुसरा सूर, खाली बेस, आणि तालाला खरखर. हा हॉटेलातला चार माणसांचा संचच झाला! खरखरीच्या जागी ब्रश आला, खर्जाच्या जागी डबल बेस आला, की बसवायचं काम निम्मं उरकलं. कोंडोंचे कान जॅझवर आणि लॅटिन तालांवर पोसलेले होते, त्यामुळे उरलेलं निम्मंही फार अवघड नाही. मारिओ पाण्याखाली जातो तेव्हाची धून तर सरळ वॉल्ट्झ आहे. तबलजीनं दादरा धरला तर ती खुशाल रुळेल.

आणखी एक साम्य आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. चित्रपटाचं पार्श्वसंगीत सेकंदाच्या मापानं कापलेलं असतं. दार उघडलं की सूर चढला पाहिजे. गेममध्ये खेळणारा किती वेळ एका ठिकाणी अडकेल ते संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून धून अशी रचावी लागते की ती शंभर वेळा वळून आली तरी डोकं उठू नये. हॉटेलातल्या पियानोवादकाचं कामही हेच. पाहुणे कधी उठतील ते त्याच्या हातात नाही. जागा न अडवता जागा भरणं ही दोघांची विद्या. तिला कमी लेखणाऱ्यानं एकदा तासभर वाजवून पाहावं.

या संगीताला आता मानही मिळतो आहे. 2022 मध्ये 'एट-बिट बिग बँड' या अमेरिकन संचाला एका जुन्या गेममधल्या रचनेच्या बिग बँड ढंगातल्या मांडणीसाठी ग्रॅमी मिळालं. 2023 मध्ये मारिओची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत गेली. गेमचं संगीत तिथे पहिल्यांदाच पोचलं.

आपल्याकडे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम काढला. भारतीय पुराणकथा, भारतीय चित्रशैली, आणि संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. मला त्यात वावगं काही दिसत नाही; सी. रामचंद्रांनी गोव्याचे आणि क्यूबाचे ताल आणले, तेव्हाही कुणाची परवानगी काढली नव्हती. पण हैदराबादेत आणि पुण्यात गेम घडवणाऱ्या कचेऱ्यांत आपली मुलं काम करतात. त्यांतल्या काहींनी पेटी-तबला शिकलेला असतो. पुढच्या गेमची धून त्यांच्याकडून का येऊ नये?

नाव कुणाचं?

आता जरा कडू बोलतो.

आपलं जुनं पार्श्वसंगीत परदेशात नव्यानं बसवलं गेलं, वापरलं गेलं, गाजलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस 'बॉम्बे द हार्ड वे' या रेकॉर्डवर डॅन द ऑटोमेटर या अमेरिकन निर्मात्यानं कल्याणजी-आनंदजींच्या मारधाडीच्या चित्रपटांतलं पार्श्वसंगीत नव्या तालावर घातलं. 2001 च्या 'घोस्ट वर्ल्ड' या हॉलिवूडपटाची सुरुवातच 1965 च्या 'गुमनाम'मधल्या 'जान पहचान हो'नं होते; म्हणजे शंकर-जयकिशन यांची चाल न्यूयॉर्क-लंडनच्या तरुणांनी तिथे ऐकली आणि ते वेडे झाले. 2005 मध्ये क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या संचानं आर. डी. बर्मन यांच्या रचना बसवल्या आणि गायला बोलावलं सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांना. ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक'मधली ती गाजलेली व्हायोलिनची लकेर 1981 च्या 'एक दूजे के लिए'मधल्या गाण्यातून उचललेली आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यांतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपले.

संगीतकारांची नावं निदान कळतात. पण ती लकेर ज्या हातांनी वाजवली, त्या व्हायोलिनवादकांची नावं आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहेत? जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार असत, फार तर सहायक असत. वादक आणि ॲरेंजर बहुधा नसतच. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस. 1958 मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय रागांचा सिंफनी कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण देशाला हे नाव माहीत झालं ते 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या विनोदी गाण्यामुळे, आणि ते एका खऱ्या गुरूचं नाव आहे हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना कळलं? या वादकांची साद्यंत हकीकत ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानं 'बिहाइंड द कर्टन'मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट'मध्ये सांगितली. दोन्ही पुस्तकं इंग्रजी.

नव्यानं बसवू पाहणाऱ्यांसाठी कायद्याचं दोन वाक्यांत सांगतो. 2012 च्या दुरुस्तीनंतरच्या कॉपीराइट कायद्यात कव्हर व्हर्जनची सोय आहे: मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर 5 वर्षं थांबायचं, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि रचनेत तांत्रिक गरजेपलीकडचा बदल हक्कदाराच्या संमतीशिवाय करायचा नाही. लाउंज करणं म्हणजे बदल करणंच. तेव्हा संमती घ्या. लग्नाच्या वरातीला आणि लग्नानिमित्तच्या समारंभांना कायद्यानं सवलत दिली आहे, म्हणून फंक्शन हॉलमधल्या सॅक्सोफोनवाल्यानं घाबरायचं कारण नाही.

पण कायदा जिथे थांबतो तिथे आपली जबाबदारी सुरू होते. या शहरात आकाशवाणीतून निवृत्त झालेले वादक आहेत. सिकंदराबादच्या क्लबांतून आणि हॉटेलांतून उमेदीची वर्षं घालवलेले पियानो आणि अकॉर्डियनवाले आहेत. ऑर्केस्ट्रांच्या लाटेत गावोगाव फिरलेले आपले मराठी लोकही आहेत. त्यांच्या पेट्यांत हातानं लिहिलेली नोटेशन पडली आहेत, आणि ती घर बदलताना रद्दीत जातात. नवं बसवायचं तर आधी हे जुनं वाचता आलं पाहिजे.

म्हणून या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना माझी तीन कामांची विनंती आहे. पहिलं, मोबाइल घेऊन अशा वादकांकडे जा, त्यांना बोलतं करा, त्यांच्याकडून एखादी धून वाजवून घ्या आणि तारखेसह जपून ठेवा. दुसरं, त्यांच्याकडची नोटेशन स्कॅन करा. खर्च फारसा नाही, आळस मात्र मोडावा लागेल. तिसरं, यापुढे आपल्या मंडळात सुगम संगीताचा, ऑर्केस्ट्राचा किंवा नुसत्या वाद्यवादनाचा कुठलाही कार्यक्रम झाला तर पत्रिकेवर गायकांच्या खाली प्रत्येक वादकाचं आणि ॲरेंजरचं नाव छापा. त्याच आकाराच्या अक्षरांत छापा, आणि मानधनाचं पाकीटही त्यांच्या हाती त्याच संध्याकाळी द्या.